मेलॅनिनच्या गोळीला मोटरवाल्याचा मेगर: कुठे चालतो, कुठे फसवतो

तालुक्याच्या कुठल्याही मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा, काउंटरखाली मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा मोठा रोध मोजणारा डबा, असतोच. कास्तकाराची सबमर्सिबल बोअरमधून निघाली की पहिले काम त्याचेच: एक टोक वाइंडिंगला, दुसरे बॉडीला, बटण दाबायचे आणि मोटर ‘गेली’ की ‘आहे’ ते सांगायचे. मेगर हे खरे तर १९०३ सालापासूनचे एका ब्रिटिश कंपनीचे नोंदलेले नाव. पण सायकलच्या पंपाला कोणी कंपनी विचारत नाही, तसेच याचे झाले.

हाच डबा विदर्भातल्या ग्रामीण महाविद्यालयांत मेलॅनिनच्या (कातडी-केसांना काळा रंग देणाऱ्या द्रव्याच्या) दाबून केलेल्या गोळीचा रोध मोजायला वापरता येतो का, एवढ्यापुरते हे परीक्षण आहे. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला जैविक पॉलिमर घ्यायचा, कृत्रिम मेलॅनिन बनवायचे आणि त्याची वाहकता काढायची, इथवर सगळे सोपे वाटते. मग कळते की असले रोध मोजणारा इलेक्ट्रोमीटर लाखांच्या घरात जातो, तर हातातला डिजिटल मेगर चार आकडी रकमेत येतो. इथे धरलेला नमुना बाजारात सर्रास मिळणारा आहे: २५०, ५०० आणि १००० व्होल्ट, वरची मर्यादा २००० मेगाओहम, पेन्सिल सेलवर चालणारा, दोन पिना. काहींना तिसरी पिन असते, गार्डची. ती असलेला मिळाला तर दोनशे-चारशे जास्त गेले तरी तोच घ्या, कारण पुढे येईल.

निकाल आधीच सांगून टाकतो. आर्द्रतेबरोबर मेलॅनिनची वाहकता कशी पळते हे दाखवायला मेगर झकास. पेपरात छापायचा वाहकतेचा आकडा काढायला बेभरवशाचा. आणि ‘स्विचिंग दिसले’ असे म्हणायला तर अजिबात वापरू नये.

हे स्विचिंगचे प्रकरण जुने आहे. १९७४ मध्ये ह्यूस्टनच्या मॅकगिनेस, कॉरी आणि प्रॉक्टर या तिघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की मेलॅनिन, प्रयोगशाळेत बनवलेले असो की जिवंत ऊतींमधून काढलेले, ठरावीक विद्युत क्षेत्र ओलांडले की झटकन वाहक अवस्थेत जाते आणि परत येते. हे क्षेत्र असेंद्रिय पातळ थरांना लागणाऱ्या क्षेत्रापेक्षा शेकडो ते हजार पटींनी कमी होते. वाहक पॉलिमरचे रसायनशास्त्रातले नोबेल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना मिळाले ते २००० मध्ये, म्हणजे यानंतर पाव शतकाने. १९७४च्या त्या कामामुळे पुष्कळ जणांच्या डोक्यात मेलॅनिन म्हणजे अस्फटिक अर्धवाहक, एवढेच पक्के बसले आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या मॉस्टर्ट, मेरेडिथ आणि सहकाऱ्यांनी या चित्राला मोठी दुरुस्ती सुचवली. मेलॅनिनमध्ये क्विनोन आणि कॅटेकोल असे दोन्ही प्रकारचे घटक असतात. पाणी आत शिरले की त्यांच्यातून सेमिक्विनोन बनतात आणि प्रोटॉन सुटतात. ओल्या मेलॅनिनमधला विद्युतप्रवाह बराचसा या प्रोटॉनांचा. बायोमेडिकलवाल्यांना यात रस आहे तो याचसाठी: शरीरात सगळा कारभार आयनांचा, तारेतला इलेक्ट्रॉनांचा, आणि दोघांची भाषा समजणारा, शरीराला परका न वाटणारा पदार्थ हवा आहे. मेलॅनिनच्या पातळ थरांवर मज्जापेशींना आधार देणाऱ्या श्वान (Schwann) पेशी वाढवून झाल्या आहेत. समुद्री कटलफिशच्या शाईतले मेलॅनिन सोडियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडला वापरल्याचे काम २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून आले.

आता मेगरकडे. आयआर (अवरक्त) वर्णपटासाठी केबीआरची, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडची, गोळी करायला जी १३ मिलिमीटरची डाय (साचा) असते, तिच्यात दाबलेल्या गोळीचे क्षेत्रफळ १.३३ चौरस सेंमी. जाडी १ मिलिमीटर धरली तर वाहकता म्हणजे ०.०७५ भागिले ओहममधला रोध, उत्तर सीमेन्स प्रति सेंमी. हे सूत्र मेगरच्या मागच्या झाकणावर चिठ्ठी लावून ठेवा. ७.५ मेगाओहम दिसले तर वाहकता १०चा उणे ८वा घात. मेगरची हद्द २००० मेगाओहम, म्हणजे साधारण ४ गुणिले १०चा उणे ११वा घात याच्या खालचे त्याला दिसतच नाही. आणि मेलॅनिनच्या नोंदलेल्या वाहकता, कोरड्यापासून पूर्ण ओल्यापर्यंत, उणे १३व्या घातापासून उणे ५व्या घातापर्यंत पसरलेल्या आहेत. कोरड्या गोळीचा रोध शेकडो गिगाओहम, म्हणजे मेगरच्या हद्दीच्या कैक पट.

थोडक्यात, मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा ४५ वर आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असताना गोळी लावली की पडद्याच्या डाव्या कडेला नुसता ‘१’ येतो, किंवा नव्या मॉडेलवर ‘ओएल’, अर्थ एकच: रोध हद्दीबाहेर. विद्यार्थी म्हणतो गोळी खराब, सर म्हणतात मेगर खराब. दोन्ही ठीक असतात. तीच गोळी जुलैच्या झडीत दोन दिवस उघडी राहू द्या, काही मेगाओहमवर येईल. हाच या प्रयोगाचा गाभा आहे, आणि हवामानाने तो फुकटात करून ठेवला आहे. मुंबईच्या प्रयोगशाळेला इतका मोठा फरक पाहायला ग्लोव्ह बॉक्स लागतो.

पण उन्हाळ्यात एक भानगड असते, ती म्हणजे कूलर. वाळ्याच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर सुरू असलेल्या खोलीत आर्द्रता बाहेरच्या दुप्पट-तिप्पट होते, आणि झोताच्या समोरच्या टेबलावर त्याहून जास्त. सकाळी कूलर नसताना ‘ओएल’, दुपारी कूलर लावल्यावर ९०० मेगाओहम, लाइन गेली की परत ‘ओएल’. हा तापमानाचा परिणाम समजून सक्रियण ऊर्जा (वाहकता तापमानाबरोबर किती पळते त्याचे माप) काढणारे प्रोजेक्ट होतात, आणि आलेख छान सरळ रेषेत बसतो ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. टेबलावर साधा डिजिटल आर्द्रतामापी ठेवा आणि प्रत्येक वाचनाशेजारी त्याचा आकडा लिहा. तो नसेल तर मोजमाप करू नका.

भुकटी बनवण्याचा सरळ मार्ग पॉलिडोपामिनचा, म्हणजे डोपामिनपासून बनणाऱ्या कृत्रिम मेलॅनिनचा. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १.२१ ग्रॅम ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबांनी पीएच ८.५, मग २ ग्रॅम डोपामिन हायड्रोक्लोराइड. ढवळत हवा सोडत ठेवायचे. माशांच्या टाकीचा एअर पंप पुरतो. द्रावण आधी गुलाबी-केशरी, मग तपकिरी, रात्रभरात काळे होते. ४८ तास द्या. लाइन गेली तर पंप थांबतो, ऑक्सिजन कमी पडतो, काळे कण खाली बसतात. बिघडत काही नाही, तेवढे तास पुढे वाढवायचे. सगळ्या २ ग्रॅमची भुकटी हाती येत नाही, बरेच द्रव्य द्रावणात आणि काचेला चिकटून जाते. एका लिटरमागे दोन-तीन गोळ्या धरून चाला.

मेडिकलमधून डोपामिनची इंजेक्शने आणून हे करायला जाऊ नका. ते डॉक्टरच्या चिठ्ठीचे औषध आहे हा एक भाग. दुसरा असा की ते ॲम्प्यूलमध्ये काळे पडू नये म्हणून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घातलेले असते, आणि आपल्याला नेमके ते काळे पडायला हवे असते. द्रावण दोन दिवस फिक्कट राहते आणि पैसे जातात. सलूनमधले केस आम्लात उकळून मेलॅनिन काढण्याची टूमही निघते. केसात वजनाच्या ३ टक्क्यांपेक्षा कमी मेलॅनिन असते, आणि बाकीच्या केराटिनचा अंश पूर्ण सुटत नाही. वर्गात दाखवायला ठीक, मोजायला नाही. काळ्या मेहंदीच्या पुड्यांत तर मेलॅनिनचा कणही नसतो, तो रंग वेगळ्याच रसायनाचा.

ट्रिसबद्दल एक खोच. तो नुसता बफर राहत नाही, थोडा पॉलिमरमध्येच गुंततो. ज्यांना जास्त शुद्ध माल हवा त्यांनी डोपा हे मेलॅनिनचे दुसरे मूळ द्रव्य घेऊन जुन्या पद्धतीने जावे: डीएल-डोपा पाण्यात, अमोनियाने पीएच ८, तीन दिवस हवा, शेवटी हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ वर आणून साका पाडायचा. महाग आणि सावकाश, पण ट्रिसची कटकट नाही.

पाणी बोअरचे नको. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम, लोह मेलॅनिन असे धरते की धुऊन जात नाही. धातूचे आयन पकडणे हा त्याचा स्वभावच आहे.

खरी चूक होते धुण्यात, म्हणून इथे जरा थांबू. डोपामिन हायड्रोक्लोराइडमधले क्लोराइड, पीएच बसवायला घातलेले आम्ल, ट्रिसचे लवण हे सगळे भुकटीत राहिले तर दमट हवेत गोळी म्हणजे मिठाचा ओला खडा. मेगर ०.३ मेगाओहम दाखवेल, विद्यार्थी खूश, आणि मोजले गेले मीठ. तेव्हा धुवत राहायचे. कॉलेजचे सेंट्रिफ्यूज ३०००-४००० फेऱ्यांचे असते, त्यात बारीक कण बसत नाहीत. पीएच २-३ वर आणले की कण गोळा होऊन रात्रीतून तळाला जातात. वरचे पाणी ओता, नवे घाला, पुन्हा. चौथ्या-पाचव्या धुण्याला गंमत होते: लवण निघून गेले की कण पुन्हा विखुरतात आणि फिल्टर पेपरातून काळे पाणीच खाली येते. पेपर फाटला असे समजून माल फेकून दिला जातो. फाटलेला नसतो. शेवटची दोन-तीन धुणी अगदी सौम्य ॲसेटिक आम्लाच्या पाण्यात करा. कण एकत्र राहतात, आणि आम्ल सुकताना उडून जाते.

क्लोराइड गेले की नाही ते सिल्व्हर नायट्रेटने बघायचे, पण इथेही सापळा आहे. मेलॅनिन चांदीच्या आयनांचे धातूत रूपांतर करते. पॅथॉलॉजीत मेलॅनिन ओळखायला फोंटाना-मॅसन रंजन वापरतात ते याच गुणावर. म्हणून चाचणी गाळात करायची नाही. धुण्याचे वरचे नितळ पाणी परीक्षानळीत घ्या, नायट्रिक आम्लाचा एक थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दह्यासारखा पांढरा साका म्हणजे क्लोराइड बाकी आहे. तपकिरी-काळसर छटा म्हणजे नळीत मेलॅनिनचे कण आले, पाणी पुन्हा निथळून घ्या. पांढरे धुके दिसेनासे होईपर्यंत गोळी बनवायला बसू नका.

वाळवायला ६० अंशांचा ओव्हन. एप्रिल-मेमध्ये ओव्हन कशाला, झाकण तिरपे ठेवून बशी सावलीत ठेवली तरी दोन दिवसांत खडखडीत होते. फक्त धुळीपासून जपा.

गोळीला २०० मिलिग्रॅम भुकटी खलात नीट वाटून. हातपंपाच्या हायड्रॉलिक प्रेसवर ५ टन, दोन मिनिटे धरून मग दाब सावकाश सोडायचा. झटक्याने सोडला तर गोळीचा वरचा पापुद्रा टोपीसारखा निघतो. अगदी कोरडी भुकटीही भुगा होऊनच बाहेर येते. दाबण्याआधी भुकटी एक रात्र मध्यम आर्द्रतेत ठेवा, गोळी अखंड निघते. व्हर्नियरने जाडी पाच जागी मोजा आणि प्रत्येक गोळीचे वजन १ मिलिग्रॅमपर्यंत नोंदवा. हे वजन पुढे फार कामाचे आहे.

मोजताना गोळी पकडून ठेवणारा धारक लेथवाल्याकडून करून घेता येतो: पितळेच्या दोन गोल चकत्या, मागे स्प्रिंग, बाहेरून टेफ्लॉनचे नळकांडे. बेकलाइट किंवा लाकूड नको, पावसाळ्यात तेच पाणी पितात आणि गोळीच्या बाजूने दुसरी वाट तयार होते. टेफ्लॉन परवडत नसेल तर रिवाइंडिंगच्या दुकानातलाच मायलरचा कागद मागा, मोटरच्या स्लॉटमध्ये घालतात तो. गोळीभोवती त्याचे दोन वेढे पुरतात. मग गोळीच्या जागी १ मिलिमीटर टेफ्लॉनची चकती लावून त्या दिवशीच्या आर्द्रतेत धारक रिकामा मोजा. तो ‘ओएल’ दाखवत नसेल तर गोळीचे वाचन विसरा. बोट लागलेली गोळीची कड हेही गळतीचे नेहमीचे ठिकाण, घामातले मीठ पुरेसे असते. चिमट्यानेच उचला. गार्डची पिन इथे उपयोगी पडते: कडेजवळ ग्रॅफाइटची अंगठी काढून ती गार्डला जोडली की कडेवरून जाणारा प्रवाह मोजणीतून बाहेर पडतो.

गोळीच्या दोन तोंडांना काय लावायचे? सिल्व्हर पेस्ट हे सगळ्यांच्या हाताशी असलेले उत्तर आणि या कामासाठी सगळ्यात वाईट. दमट पदार्थ, एकाच दिशेचा विद्युतदाब आणि चांदी एकत्र आले की चांदी आयन होऊन सरकते आणि पलीकडे झाडाच्या मुळांसारख्या बारीक फांद्या वाढवत येते. सर्किट बोर्डवाल्यांचा हा जुना शत्रू. ५०० व्होल्टवर बटण दाबून धरले की रोध ८० मेगाओहमवरून एकदम ०.२ वर पडतो आणि तिथेच राहतो. वहीत लिहिले जाते: १९७४चे स्विचिंग सापडले. गोळी आडवी मोडून भिंगाखाली धरा, कडेला चकचकीत रेघ दिसते. १९७४च्या निरीक्षणात पदार्थ मूळ अवस्थेत परत येत होता, चांदीची फांदी परत जात नाही. ग्रॅफाइटचा लेप लावा, किंवा सोय असेल तर सोन्याचा थर. नुसते पितळ दाबूनही तौलनिक काम भागते, पण हिरवट डाग दिसला की चकती घासून घ्या.

मेगरच्या स्वतःच्या वागण्यात तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पहिली, दाब. १ मिलिमीटरच्या गोळीवर ५०० व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला ५००० व्होल्ट. मोटरच्या इनॅमलला हे काहीच नाही, ओल्या मेलॅनिनला फार आहे, आतल्या पाण्याचे विघटन होऊ शकते. म्हणून २५० वर सुरुवात करा. ५० किंवा १०० व्होल्टची पायरी असलेले मॉडेल मिळाले तर उत्तमच. १०००ची पायरी या कामात विसरायची.

दुसरी, उष्णता. ५०० व्होल्टला ०.५ मेगाओहमवर मेगर १ मिलिॲम्पिअर सोडतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढ्या गोळीत अर्धा वॅट. गोळी तापते, पाणी सोडते, रोध चढतो. रोध याहून कमी झाला की मेगरच धापा टाकतो, पडद्यावर ५०० लिहिलेले असले तरी टोकांवर तेवढे नसतात. १ मेगाओहमच्या खाली वाचन गेले की मेगर बाजूला ठेवून साधा मल्टिमीटर घ्या.

तिसरी, वेळ. मोटरवाले ज्याला पोलरायझेशन इंडेक्स म्हणतात, १० मिनिटांचे वाचन भागिले १ मिनिटाचे, तेच इथेही करायचे. मोठ्या मोटरच्या चांगल्या इन्सुलेशनला ते २ च्या वर लागते. गोळीत मात्र वाढत्या वाचनाचा अर्थ ‘चांगली’ असा होत नाही. प्रोटॉन इलेक्ट्रोडपाशी जाऊन अडतात, धातूला प्रोटॉन घेता-देता येत नाहीत, प्रवाह घटत जातो आणि पडद्यावरचा आकडा चढत जातो. गोळी तापून सुकली तरी आकडा चढतोच. दोन्ही वेगळे ओळखायचे असे: १५ सेकंद, १ मिनिट आणि १० मिनिटांचे आकडे घ्या, मग दोन्ही टोके एकमेकांना जोडून १० मिनिटे सोडा आणि पुन्हा मोजा. पहिल्याच आकड्याजवळ आले तर प्रोटॉन अडकले होते. वरच राहिले तर पाणी गेले. शंका राहिली तर गोळी काट्यावर ठेवा, घटलेले मिलिग्रॅम खोटे बोलत नाहीत. अहवालात कुठल्या सेकंदाचे वाचन ते लिहिलेच पाहिजे. ‘रोध ४२ मेगाओहम’ एवढ्या वाक्याला काहीच अर्थ नाही.

आर्द्रतेचे टप्पे मिठांनी करा. घट्ट झाकणाच्या बरणीत संपृक्त द्रावण, वर जाळीवर गोळी. २५ अंशांना लिथियम क्लोराइड ११ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइड ३३, पोटॅशियम कार्बोनेट ४३, साधे मीठ ७५, पोटॅशियम क्लोराइड ८४-८५. तळाशी न विरघळलेले मीठ दिसत राहिले पाहिजे, नाहीतर आकडा ढळतो. साध्या मिठाचे ७५ टक्के आपल्या उन्हाळ्याच्या तापमानालाही जवळपास तेच राहतात, म्हणून सुरुवातीला एकच बरणी करायची तर तीच. गोळी दोन दिवस तरी ठेवा, सलग दोन दिवस वजन स्थिर आले की मोजा, आणि बरणीतून काढल्यावर एका मिनिटात पहिले वाचन. धारकच बरणीत बसवून झाकणातून तारा काढल्या तर त्याहून चांगले. ११ आणि ३३ च्या बरण्यांत दोन हजारवाला मेगर बहुधा ‘ओएल’ म्हणेल. ७५ च्या पुढे तो बोलका होतो, आणि आर्द्रता थोडी वाढली की रोध दसपटीने घसरताना दिसतो.

मेगर मुका असतो तिथे एक स्वस्त जुगाड आहे, आणि काटेकोरपणात तो मेगरपेक्षा सरस. ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या मालिकेत, ४५ व्होल्ट. त्यात गोळी आणि गोळीच्या मालिकेत डिजिटल मल्टिमीटर, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. मीटरचा आतला रोध बहुधा १० मेगाओहम असतो, म्हणजे पडद्यावरचा ०.१ मिलिव्होल्ट हा १० पिकोॲम्पिअर. ७५० गिगाओहमच्या गोळीतून ६० पिकोॲम्पिअर जातील, मीटर ०.६ दाखवेल. आतला रोध खरेच १० मेगाओहम आहे का? मीटरच्या दोन पिनांत बाहेरून १० मेगाओहमचा रेझिस्टर लावा, वाचन बरोबर अर्धे झाले तर आहे. सुरुवात नेहमी वरच्या रेंजवरून करा आणि बॅटरी न जोडता मीटर किती दाखवतो ते वजा करा. सगळा पसारा स्टीलच्या डब्यात, डबा बॅटरीच्या ऋण टोकाला. डबा नसेल तर कोणी जवळून चालत गेले तरी आकडे नाचतात. मेगरलाही गिगाओहमच्या जवळ हा त्रास होतो, पण तो आकडा गोल करून दाखवतो म्हणून लक्षात येत नाही.

दुकानातून उसना आणणार असाल तर आधी त्याची तपासणी करा. तारांवर वॉर्निश, ग्रीस आणि सरकीची धूळ बसलेली असते. तारा एकमेकींवर पडलेल्या असताना आणि हवेत लोंबत्या असताना असे दोनदा रिकामे मोजा. फरक आला तर स्पिरिटने पुसा, तरीही आला तर तारा बदला. १० मेगाओहमचे दहा रेझिस्टर मालिकेत जोडून १०० मेगाओहमची पट्टी बनवा. एकाच रेझिस्टरवर ५०० व्होल्ट टाकू नका, साधे पाव वॅटचे रेझिस्टर तेवढ्या दाबासाठी नसतात. सेल उतरले की दाब घटतो आणि वाचन भरकटते. बटण लॉक करून १० मिनिटांची मोजणी केली की सेल भराभर जातात, जोडीला एक सेट ठेवा. पिनांना हात लागला तर झटका जीवघेणा नसतो, पण दचकून हातातला धारक पडतो आणि आठवड्याची गोळी फुटते. जुना हँडलवाला मेगर वर्गात दाखवायला छान आहे, या कामाला नाही: दाब फिरवणाऱ्याच्या मनगटावर, आणि १०० मेगाओहमच्या पुढे काट्याची पट्टी इतकी दाटते की वाचणाऱ्याची इच्छाच वाचली जाते.

नवा घ्यायचा तर गार्डची पिन, २० गिगाओहमची रेंज आणि १०० व्होल्टची पायरी या तीन गोष्टी मागा. यातल्या दोन मिळत असतील तरी घ्या. एकही नसेल तर पैसे मल्टिमीटर, बॅटऱ्या आणि टेफ्लॉनच्या धारकात घाला. उसना मागायचा तर वेळ बघून. रब्बीच्या ओलिताला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रोज मोटरी जळतात आणि दुकानदार मेगर दाराबाहेर जाऊ देत नाही. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टला मोटरी बंद, दुकान रिकामे, मेगर आठवडाभर मिळतो. गोळीही त्याच दिवसांत मेगरच्या हद्दीत येते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात मात्र पावसाने दडी मारली की ऐन ऑगस्टमध्ये मोटरी सुरू होतात, तिकडच्यांनी सकाळी आणून संध्याकाळी परत करण्याच्या बोलीवरच न्यावा.